मदत हवी आहे: जीटी८६ ट्रॅकवर उजव्या वळणात पुढून घसरते – आधी कॅम्बर वाढवावा की थेट कॉइलओव्हर बसवावेत?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. माझ्याकडे २०१४ सालची टोयोटा जीटी८६ आहे आणि गेल्या दोन वर्षांत ती घेऊन मी डॉनिंग्टन पार्कच्या ट्रॅकवर सहा वेळा गेलो आहे. मी स्पर्धेत उतरत नाही. पैसे भरून आपलीच गाडी ट्रॅकवर चालवण्याचे जे दिवस असतात, तेवढ्यापुरताच माझा संबंध आहे. याच गाडीने मी रोज कामावरही जातो, त्यामुळे जो बदल करायचा तो मोटरवेवरचे टायर महिन्याभरात खाऊन टाकणारा नसावा, एवढी माझी अट आहे.

अडचण अशी आहे की उजव्या वळणाच्या मध्यावर, ब्रेक सोडून हलका अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर, गाडीचे तोंड आत येत नाही. स्टेअरिंग आणखी वळवले तरी पुढची चाके बाहेरच्या दिशेने घसरत राहतात आणि मला वेग कमी करून वाट पाहावी लागते. क्रेनर कर्व्हजचा उतार संपून ओल्ड हेअरपिनला गाडी दबते, तिथे आणि पुढे मॅक्लीन्सला (ही सगळी डॉनिंग्टनच्या वळणांची नावे आहेत) हे सर्वांत जास्त जाणवते. डॉनिंग्टनला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचे असते आणि महत्त्वाची वळणे बहुतेक उजवीच आहेत, त्यामुळे सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर येतो. त्या टायरच्या बाहेरच्या कडेला आता जेमतेम २ मिलिमीटर रबर उरले आहे, तर आतल्या कडेला ५ मिलिमीटर शिल्लक आहे.

गाडी मूळ स्थितीत होती तेव्हा ती अशी वागत नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगायला हवे. उलट ओल्या रस्त्यावर तिची शेपूटच आधी हलत असे. मागच्या वर्षी मी गाडी सुमारे २५ मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा बसवून घेतल्या, मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसेच ठेवले आणि त्यानंतर ही तक्रार सुरू झाली. दिसायला गाडी सुरेख झाली, हे मात्र खरे. स्प्रिंगा बसवल्यावर एका गॅरेजमध्ये अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून घेतली. त्यांनी दिलेल्या कागदावर पुढचा कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा उभा कल; उणे म्हणजे चाक वरून आत झुकलेले, अधिक म्हणजे बाहेर) डावीकडे उणे ०.५ आणि उजवीकडे उणे ०.४ अंश आहे. मागचा उणे १.८ आणि उणे १.९ अंश आहे. टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणे, चारही चाकांना जवळपास शून्य आहे. यंत्रावर सगळे आकडे हिरवे दिसत असल्यामुळे यापुढे काही करण्यासारखे नाही, असे त्यांनी मला सांगितले.

ट्रॅकवरच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा सल्ला असा आहे की आता थेट कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा एकत्र संच, ज्याची उंची बदलता येते) बसवावेत आणि गाडी आणखी १५ मिलिमीटर खाली घ्यावी, म्हणजे ती कमी कलेल आणि पकड वाढेल. खर्च हजार पौंडांच्या पुढे जातो. तो करण्याआधी मला जाणून घ्यायचे आहे की मूळ दोष कोणता आहे, तो केवळ अलाइनमेंटने सुटू शकेल का, आणि रोजच्या वापराच्या गाडीला पुढे किती कॅम्बर देणे शहाणपणाचे ठरेल. मागील चाकांच्या टोबद्दलही कोणी अनुभवाने सांगितले तर बरे होईल. गेल्या वेळी ट्रॅकवरून आत येताच मी डाव्या पुढच्या टायरचे तापमान सुईच्या तापमापकाने घेतले होते: बाहेरची कड ९२, मधला भाग ८४ आणि आतली कड ७१ अंश सेल्सिअस.

प्रतिसाद १

मी गाड्यांच्या सस्पेन्शनच्या क्षेत्रातच काम करते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. तुमचे तीन तापमानाचे आकडे त्या हिरव्या कागदापेक्षा जास्त बोलके आहेत. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा २१ अंशांनी गरम आहे, याचा अर्थ वळणात टायर कडेवर उभा राहतो आणि त्याचा आतला भाग जवळजवळ रिकामा बसतो. हिरवा रंग इतकेच सांगतो की आकडे कारखान्याने आखलेल्या मर्यादेत आहेत, आणि ती मर्यादा रस्त्यासाठी आखलेली असते.

आता स्प्रिंगांनी काय केले ते पाहा. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (चाकाला खाली एक आर्म आणि वर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचाच खांब धरतो) आणि मागे डबल विशबोन (चाकाला वर आणि खाली असे दोन आर्म धरतात). मागची रचना दबली की चाक आपोआप आत झुकते, म्हणून गाडी खाली आल्यावर मागचा कॅम्बर मूळच्या साधारण उणे १.२ वरून तुमच्या उणे १.८ पर्यंत गेला. पुढे तसे घडत नाही. स्ट्रटच्या रचनेत खालचा आर्म चाकाकडे उतरता असतो तोवर दबताना थोडा कॅम्बर मिळतो. आर्म आडवा झाला की हा लाभ आटत जातो आणि तो उलट्या बाजूला झुकला की मिळालेला कॅम्बर परत जाऊ लागतो. म्हणजे तुम्ही मागच्या टोकाला पकड दिलीत आणि पुढच्याला जवळजवळ काहीच दिले नाही. गाडी पुढून घसरू लागली यात नवल नाही.

दुसरी गोष्ट रोल सेंटरची, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याची. गाडी खाली घेतली की तिचा गुरुत्वमध्य जेवढा उतरतो, त्यापेक्षा पुढचा रोल सेंटर जास्त उतरतो, त्यामुळे दोघांमधले अंतर वाढते आणि गाडीला कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंग त्या प्रमाणात कडक नसेल तर खाली आणलेली गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. समजा ती वळणात २ अंश कलली आणि स्ट्रटने त्यातले अर्धा अंश भरून काढले, तर उणे ०.५ वर असलेले तुमचे बाहेरचे चाक रस्त्याच्या संदर्भात अधिक १ अंशावर जाते. त्यात आणखी १५ मिलिमीटर उतरणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. त्या गृहस्थांचा हेतू चांगला असेल, पण हा सल्ला या गाडीसाठी नाही.

म्हणून आधी पुढचा कॅम्बर वाढवा. स्ट्रट जिथे हबला (चाक ज्यावर फिरते त्या भागाला) जोडला जातो तिथल्या दोन बोल्टांपैकी एक काढून किंचित बारीक बोल्ट घालतात, त्याला कॅम्बर बोल्ट म्हणतात. त्यातून प्रत्येक बाजूला साधारण एक ते दीड अंश मिळतो आणि खर्च किरकोळ असतो. उणे २ च्या आसपास पोहोचा. हा जोड केवळ घट्ट आवळण्याच्या जोरावर टिकतो, म्हणून बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्यानेच) आवळा, रंगाच्या पेनाने रेघ मारून ठेवा आणि कर्बवरून (ट्रॅकच्या उंचवट्याच्या कडेवरून) जोरात गेलात तर ती रेघ सरकली आहे का ते पाहा. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे त्यानंतर टो लावल्याशिवाय घरी जायचे नाही. पुढे शून्य आणि मागे दोन्ही चाके मिळून २ ते ३ मिलिमीटर आत, एवढे ठेवा. मागचा शून्य टो वेगात ब्रेक मारताना गाडीला चंचल करतो. मोटरवेवर टायर कॅम्बरपेक्षा चुकीच्या टोने जास्त झिजतात, त्यामुळे उणे २ ची धास्ती बाळगू नका. अलाइनमेंटच्या वेळी तुम्ही स्वतः, किंवा तुमच्या वजनाइतके काहीतरी, चालकाच्या आसनावर असायला हवे.

आणि एक तपासणी आजच करा. मूळ शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर छोट्या स्प्रिंगा बसवल्या की दबण्याची जागा कमी उरते. पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे रबरी आवरण वर सरकवून दांड्याला एक झिप-टाय (प्लॅस्टिकची बांधपट्टी) बांधा आणि ट्रॅकवर फेरी मारून या. झिप-टाय बंपस्टॉपपर्यंत (दबण्याची जागा संपते तिथे बसवलेल्या रबरी तुकड्यापर्यंत) ढकलला गेला असेल, तर ओल्ड हेअरपिनला गाडी दबते त्या क्षणी स्प्रिंग संपून रबरावर उभी राहते, पुढचे टोक एकदम कडक होते आणि पकड सुटते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर चालवतो. तिथल्या उन्हात शिकलेली एक गोष्ट सांगतो. तुम्ही टायरमधल्या हवेचा दाब लिहिलेलाच नाही. थंड टायरमध्ये ३५ पीएसआय भरून गेलात आणि टायर ४० अंशांनी तापला, तर दाब ४१-४२ वर जातो. तीन-चार फेऱ्यांनी आत येऊन गरम टायरचा दाब ३५ च्या आसपास उतरवा आणि मगच कॅम्बरबद्दल निष्कर्ष काढा. घरी निघताना हवा पुन्हा भरायला विसरू नका.

धागाकर्ता

दोघांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधे डॉनिंग्टनला जाऊन आलो. कॅम्बर बोल्टनंतर पुढे डावीकडे उणे १.९ आणि उजवीकडे उणे १.८ अंश मिळाले. टो सुचवल्याप्रमाणे लावला आणि गरम दाब ३५ वर ठेवला. डाव्या पुढच्या टायरचे तापमान आता बाहेरून आत ८६, ८३ आणि ८० असे आहे. मॅक्लीन्सला गाडी वळते. ओल्ड हेअरपिनला मात्र पुढचे टोक अजूनही अचानक सुटते, आणि झिप-टाय बंपस्टॉपला जाऊन चिकटलेला सापडला. बदल कळवण्यासाठी विमा कंपनीला फोन केला, तेव्हा कॅम्बर बोल्ट म्हणजे काय हे समजावण्यातच वीस मिनिटे गेली. आता मूळ स्प्रिंगा परत बसवाव्यात, की याच उंचीवर चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर घ्यावेत?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्या

मूळ स्प्रिंगा गॅरेजमध्ये पडून असतील तर आधी त्याच बसवा. पैसे लागणार नाहीत आणि दबण्याची जागा परत मिळेल. उंची वाढल्यावर पुढचे एक-दोन दशांश अंश कमी होतील, ते बोल्टने पुन्हा भरून घ्या, आणि मागचा कॅम्बर उणे १.२ कडे परतल्याने तोल आपोआप पुढच्या टोकाच्या बाजूने झुकेल. अलाइनमेंट पुन्हा करावी लागेल हे गृहीत धरा. त्यानंतरही बाहेरची कडच गरम राहिली, तर स्ट्रटचा वरचा माउंट (तो गाडीला जिथे वर जोडलेला असतो तो भाग) बदलून आणखी कॅम्बर घेण्याचा विचार करता येईल, पण त्या माउंटमधून रस्त्याचा खडखडाट थेट गाडीत येतो आणि तुम्ही रोज कामावर याच गाडीने जाता. पुढच्या वेळी चारही टायरांचे तापमान लिहा, फक्त डाव्या पुढच्याचे नको.