मदत हवी आहे: कॉयरच्या पियानोवाल्या बाईंना भजनातला गजर कसा लिहून द्यायचा?

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवळणाचा आहे, म्हणून आधी थोडं पाल्हाळ.

मी यॉर्कशायरमध्ये हडर्सफील्डजवळ राहते. इकडे गावोगावी हौशी लोकांच्या कोरल सोसायट्या आहेत. हडर्सफील्डची तर १८३६ सालची! आमच्या गावची त्यामानानं लहान, साठेक डोकी, बहुतेक निवृत्त. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सराव असतो. दोन वर्षांपूर्वी शेजारणीनं ओढून नेलं आणि मी आल्टोत (म्हणजे बायकांतला खालचा आवाज) बसायला लागले.

हातवारे करून गाऊन घेणाऱ्या म्युझिकल डिरेक्टरना सगळे 'एमडी' म्हणतात. पहिले दोन आठवडे मी त्यांना डॉक्टर समजत होते. त्यांचा एक सहायक आहे, तो पुरुषांना मागच्या खोलीत नेऊन घासून घेतो. आणि पियानोवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई.

खरी कमाल या बाईंची. पुस्तकात गाणाऱ्यांच्या चार ओळी आणि त्याखाली अख्खा ऑर्केस्ट्रा दोन ओळींत कोंबलेला पियानो. एमडी म्हणाले, "फक्त आल्टो आणि टेनर (पुरुषांतला वरचा आवाज)", की पुढच्या क्षणी पियानोवर तेवढ्याच दोन ओळी. आम्ही घसरलो तर न थांबता आमचाच सूर अंगठ्यानं किंचित ठासून देतात. बाकी कुणाला पत्ता लागत नाही, आल्टोंना बरोबर कळतं. डिसेंबरात हँडेलचं 'मसाया' (कॉयर आणि ऑर्केस्ट्राची मोठी रचना) केलं तेव्हा कार्यक्रमाला भाड्याचा ऑर्केस्ट्रा आला, आणि तीन महिने आम्हाला ओढून नेणाऱ्या बाई प्रेक्षकांत बसल्या. मला फार लागलं ते. त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

माझी अडचण जुनीच आहे. मी भजनाला वीस वर्षं पेटी धरली. आपल्याकडे पेटी गाणाऱ्याच्या मागून जाते. इथं पियानो आमच्याकडे बघत नाही, एमडींच्या हाताकडे बघतो. मी कानानं गाणारी, त्यामुळे कायम पाव मात्रा मागे. एमडींनी एकदा हळूच सांगितलं, "ऐकू नकोस, बघ."

आता मूळ प्रश्न. मे महिन्याच्या कार्यक्रमासाठी एमडींनी मला माझ्याकडचं काहीतरी शिकवायला सांगितलंय. मी 'जय जय राम कृष्ण हरी' हा गजर धरला. चाल आईची, भूप रागाच्या पाच सुरांतली, भजनी ठेका, माझी पट्टी (म्हणजे सा धरते ती पेटीची कळ) काळी चार. बाई म्हणाल्या, कागद दे. माझ्याकडे कागद कुठला, वहीत सरगम आहे! स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) मला वाचता येतं, लिहिताना घाम फुटतो. मुरक्या लिहायच्या का? चार आवाजांना चार वेगळ्या ओळी हव्यातच का? आणि गजर चढत जातो तेव्हा, बाईंच्या शब्दांत, "मी बघू कुणाकडे? तुझ्याकडे, की त्याच्या हाताकडे?" मला उत्तर देता आलं नाही.

– पेटीवाली

खर्जातला: ताई, आधी काळी चार सोडा. बाईंना ती पट्टी जड नाही, पण तुमच्या बेसचं (पुरुषांतल्या खालच्या आवाजाचं) काय? त्या पट्टीत खालचा सा पाताळात आणि वरचा डोक्यावर. पांढरी दोन घ्या, म्हणजे डी. बायका आणि पुरुष एका सप्तकाच्या अंतरानं आरामात गातील. 'मसाया'तलं हालेलुया डी मेजरमध्येच आहे, म्हणजे तो षड्ज तुमच्या लोकांच्या गळ्यात बसलेला असणार. ठेक्याचं म्हणाल तर आठ मात्रा म्हणजे चार-चारचे दोन बार (कागदावरचे मात्रांचे खण). एमडींचा हात खाली येतो ती सम समजा. चाल समेआधी उचलत असेल तर तेवढ्या मात्रांचा अपुरा बार सुरुवातीला लिहा.

मडगावचा पाहुणा: मी व्हायोलिन शेजारच्या चर्चमधल्या मेस्त्रींकडे (संगीत शिकवणाऱ्यांकडे) शिकलो, तेव्हा दोन्हीकडचा थोडा मार खाल्लाय. मुरक्या अजिबात लिहू नका. कागदावर सांगाडा द्या, मुरकी गाऊन दाखवा, ज्याला जमेल त्याला जमेल. चार ओळींचा हट्टही नको. बेसना सा, टेनरना पंचम धरून ठेवायला सांगा, चाल बायकांकडे. भूपात म आणि नी नाहीत, म्हणजे शेजारी-शेजारी घासणारा अर्धस्वर कुठेच येत नाही. त्यामुळे शेवटी सोप्रानोंच्या (बायकांतल्या वरच्या आवाजाच्या) मागून दोन बारांनी आल्टोंना तीच चाल उचलायला लावलीत तरी बहुधा छान बसेल. एकच सांभाळा. पियानोचा गंधार तानपुऱ्यात ऐकू येतो त्यापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. पुरुषांनी सा-प धरलेला असताना बाईंना गंधार ठोकू देऊ नका, डाव्या हातानं सा-पच राहू दे.

आणि कुणी जुनं माणूस टॉनिक सोल्फा (डो-रे-मी अक्षरांत लिहायची स्वरलिपी) शिकलेलं असेल तर तुमची सरगम थेट चालेल. त्यांचा 'डो' आपल्या सा-सारखाच सरकतो. एकोणिसाव्या शतकात कर्वेन नावाच्या पाद्र्यानं ती पद्धत इंग्लंडभर नेली, 'मसाया'सुद्धा तशा लिपीत छापलेलं असायचं.

टाळकुटे: पियानो हवाय कशाला? दिंडीत कुणी पाहिलाय? टाळ द्या सगळ्यांच्या हाती.

पेटीवाली: @टाळकुटे, साठ जणांना टाळ आणू कुठून? आणि बाईंना पुन्हा प्रेक्षकांत बसवायचं नाहीये मला.

खर्जातला: मग बघायचं कुणाकडे ते आपोआप सुटलं. टाळ एकच, तो तुमच्या हातात. बाईंनी टाळाकडे बघायचं. एमडींना आधी विचारा मात्र, भर सरावात नको.

पेटीवाली: गुरुवारी करून पाहिलं. पांढरी दोन, एका पानाचा सांगाडा, सा-प पुरुषांकडे. सोल्फा येणारे एक आजोबा निघाले बेसमध्ये! त्यांनी माझ्या वहीतली सरगम वाचून दाखवली, फक्त ध-ला 'ला' म्हणत होते. एमडींना आधीच फोन केला होता. ते म्हणाले, मग मी गातो, आणि जाऊन टेनरमध्ये उभे राहिले. बाईंनी उभा पियानो दोघांकडून ढकलून तिरका करून घेतला, टाळ दिसावा म्हणून. पहिली दोन आवर्तनं माझ्या मागून आल्या, मग लय चढल्यावर माझ्याच पुढे निघाल्या, आणि सगळे त्यांच्या मागे. मी हसू की टाळ वाजवू!

मडगावकर, आल्टोंची मागून उचल अजून कच्ची आहे. मीच पाव मात्रा मागे.

आता एक बारीक शंका. आईच्या टाळाची दोरी झिजून तुटायला आलीय. सुती दोरी इथं मिळाली, पण गाठ भोकातून निसटते. कुणी ओवून दिलाय का टाळ कधी? आतून काय अडकवतात?