शॉकवेव्ह थेरपी चालू असताना गोळी घ्यावी का?

प्रश्न: लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीसाठी शॉकवेव्ह (लिंगावर कमी ताकदीच्या ध्वनिलहरींचे झटके देण्याचा उपचार) सुरू करायची असेल, तर ताठरतेसाठीची रोजची गोळी टॅडालाफिल ५ मिग्रॅ बंद करावी का? एकत्र घेतल्यास गुण कशाचा, हे कसं कळणार?

उत्तर १: सहसा बंद करत नाहीत. गोळी रक्तवाहिन्या तात्पुरत्या सैल करते. शॉकवेव्हचा उद्देश रक्तपुरवठाच सुधारण्याचा, त्यामुळे परिणाम दिसायला काही आठवडे जातात. म्हणून तक्रार रक्तवाहिन्यांची असेल तरच उपयोगाची आशा. नसांना इजा झाली असेल तर फारशी नाही. २०१० च्या मूळ पद्धतीत आठवड्याला २ सत्रं, ३ आठवडे. मग ३ आठवडे विश्रांती आणि पुन्हा तेवढीच सत्रं. प्रत्येक वेळी ५ जागी ३०० असे १५०० झटके.

उत्तर २: मोजायचं असेल तर गोळीचा डोस मधेच बदलू नका. ताठरता मोजणारी आयआयईएफ-५ प्रश्नावली (५ ते २५ गुण) आधी भरा, शेवटच्या सत्रानंतर १ आणि ३ महिन्यांनी पुन्हा. मशीन ‘रेडियल’ आहे की ‘फोकस्ड’ (लहरी खोलवर एका जागी केंद्रित करणारं), हे आधी विचारा! रेडियलच्या दाबलहरी वरवरच राहतात, ती खरी शॉकवेव्ह नव्हे. आणि अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये हा उपचार प्रायोगिकच ठरवला होता, तेव्हा खात्रीची भाषा करणाऱ्यांपासून सावध राहा.

उत्तर ३: छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर ही गोळी अजिबात नाही, रक्तदाब धोकादायक घसरतो. रक्त पातळ करणारी औषधं असतील तर सत्राआधी डॉक्टरांना सांगा. सिल्डेनाफिल (याच प्रकारची दुसरी गोळी) घेत असाल तर तेलकट जेवणानंतर नको, असर उशिरा होतो.