२०१४ च्या डेस्कटॉपला नवं ग्राफिक्स कार्ड टाकावं का? मत सांगा

त्रिमूर्तीनगरची_आई:
घरी २०१४ चा ब्रँडेड डेस्कटॉप आहे. आय५-४५७०, १६ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकली. मुलगी आर्किटेक्चरला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्यातलं रेंडर करणारं इंजिन) एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे मॉडेलवरून पक्कं चित्र तयार व्हायला, अख्खी रात्र जाते, सगळा भार प्रोसेसरवर. सीताबर्डीत एका दुकानदारानं वापरलेलं आरएक्स ५८० कार्ड सुचवलं, मेमरी ८ जीबी आहे म्हणून. माझा कल आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबीवाल्याकडे आहे.

महालचा_मेकॅनिक:
ताई, ५८० चं नावच काढू नका. गेमसाठी ठीक होतं, पण ब्लेंडरनं २०२१ मध्ये ३.० आवृत्तीपासून ओपनसीएल, म्हणजे असल्या कार्डावर रेंडर करायची सोय, काढून टाकलं. नव्या आवृत्तीत सायकल्स त्या कार्डावर चालतच नाही, ८ जीबी काय कामाचे? वरून १८५ वॉट खाते. आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचा (पीसीला वीज देणारा डबा) स्टिकर वाचा, मग कार्डाचं बोलू.

प्रतापनगर_७:
माझा साफ विरोध. ४ कोर, ४ थ्रेडच्या मशीनवर पैसे कशाला? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अन् ११ ला हा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. थोडं थांबा, पैसे जमवा, नवीन पीसीच घ्या.

महालचा_मेकॅनिक:
भाऊ, तुम्ही गेमचा हिशोब रेंडरला लावून राहिले. सायकल्समध्ये सीन एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की पुढचं काम कार्डच करते, प्रोसेसर जवळजवळ मोकळा. पोरीचं सबमिशन काय दोन वर्षं थांबणार आहे? उद्या नवा पीसी आला तर हेच कार्ड काढून त्यात लावता येते.

प्रतापनगर_७:
रेंडरचं मान्य. पण मॉडेलिंग करताना मॉडिफायर (मॉडेलचा आकार बदलणारी टूल्स) अडकतात ते प्रोसेसरमुळेच, तिथे कार्ड काही करणार नाही. दिवसभर त्रास तर तोच होतो ना? अन् कार्ड घ्यायचंच तर एसएमपीएस बदलून आरएक्स ६६०० घ्या, ८ जीबी मिळतात.

महालचा_मेकॅनिक:
६६०० ला १३२ वॉट लागतात. अन् ब्रँडेड मदरबोर्डवर कित्येकदा नेहमीचा २४ पिनचा जोड नसतोच, एसएमपीएस बदलायचा म्हणजे आधी अ‍ॅडॉप्टर शोधत फिरा. ३०५० चं ६ जीबी ७० वॉटचं, मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉटच ७५ वॉट देतो. वेगळी वायर नको. शिवाय ब्लेंडरला ऑप्टिक्सचा, म्हणजे आरटीएक्स कार्डावर रेंडर वेगात करणाऱ्या सोयीचा, मोठा फायदा.

त्रिमूर्तीनगरची_आई:
आत्ताच उघडून पाहिलं. स्टिकरवर २४० वॉट. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचा असा थर, की पाती दिसतच नव्हती. ब्रशनं साफ केलं. मे महिन्यात तो पीसी आपोआप बंद व्हायचा, ते बहुतेक यामुळेच. स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेपनं २१ सेंमी भरलं.

प्रतापनगर_७:
मत माझं तेच, पैसे जुन्यात अडकतात. पण घेणारच असाल तर एक पक्कं करा: त्याच नावानं ८ जीबीचं ३०५० पण येतं, ते १३० वॉटचं असून वेगळी वायर मागतं. बिलावर ६ जीबी लिहून घ्या, अन् एकाच पंख्याचं छोटं मॉडेल पाहा, २१ सेंमीत बसेल असं.