टिपणे तयार असूनही प्रबंधाचे लेखन पुढे ढकलले जाते, काय करावे?

प्रश्न:
पेशवेकालीन जमाबंदी (जमीन महसुलाची आकारणी) या विषयावर मी पीएच.डी. करीत आहे. पुणे पुराभिलेखागारातील मोडी रुमाल (मोडी लिपीतील कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे) वाचून पुरेशी टिपणे तयार झाली असून मार्गदर्शकांनीही आता लेखनाला लागण्यास सांगितले आहे. मात्र पहिले प्रकरण लिहायला घेतले की आणखी एखादा रुमाल पाहणे आवश्यक वाटू लागते, टिपणांची पुन्हा वर्गवारी सुरू होते आणि दिवस संपतो. विषय आवडीचा असताना असे का व्हावे?

उत्तर १:
विषय जितका जिव्हाळ्याचा, तितकी आपला निष्कर्ष कच्चा ठरण्याची धास्ती अधिक असते आणि ही धास्ती लिहायला बसल्यावरच जाणवते. फ्युशा सिरॉइस व टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीची उकल अशीच केली होती: त्या क्षणी बरे वाटावे म्हणून माणूस काम टाळतो आणि त्याचा भुर्दंड त्यालाच पुढे भरावा लागतो. तुम्हाला ही सुटका रुमालांतून मिळते. मोडी वाचन कष्टाचे आणि खरोखर उपयोगाचे असल्यामुळे दिवस वाया गेला असे वाटतही नाही. म्हणूनच ही चालढकल मोबाइल पाहत बसण्यापेक्षा ओळखायला अवघड आहे. पेशवे दफ्तराचा, म्हणजे पेशव्यांच्या सरकारी कागदपत्रांचा, पसारा पाहता ‘सगळे वाचून झाले’ अशी वेळ एका अभ्यासकाच्या आयुष्यात येणे शक्य नाही, तेव्हा लेखनाचा आरंभ त्यावर अवलंबून ठेवू नये.

शिवाय ‘पहिले प्रकरण लिहिणे’ हे एका बैठकीत हाती घेण्याजोगे काम नाही. दुष्काळामुळे एखाद्या गावाला शेतसाऱ्यात सूट मिळाल्याचा कागद तुमच्या टिपणांत असेल, तर उद्या सकाळी फक्त त्यावर एक परिच्छेद लिहावा. प्रस्तावना शेवटी लिहिली तरी चालते.

उत्तर २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या एका पद्धतीची जोड द्यावी. ‘अधिक लिहीन’ असा मोघम निश्चय न करता ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवायचे. तुमच्यासाठी ते असे असू शकेल: लिहिताना नवा कागद पाहण्याची ओढ वाटली की त्या जागी चौकटी कंसात ‘पाहणे’ एवढेच लिहून मी पुढच्या वाक्याकडे वळेन. आठवड्यातील एक दिवस पुराभिलेखागारासाठी राखून त्या दिवशी केवळ या नोंदींची पूर्तता करावी.

उत्तर ३:
मुदत स्वतःच ठरवू नका, मार्गदर्शकांकडून तारखा मागून घ्या. डॅन अ‍ॅरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख या संशोधकांच्या २००२ च्या प्रयोगांत स्वतः ठरवलेल्या मुदतींचा लाभ झाला, पण बाहेरून समान अंतराने घालून दिलेल्या मुदतींचा लाभ त्याहून अधिक होता. तारीख आली की मसुदा अपुरा असला तरी द्यावा. त्यातील कोणत्या विधानाला आणखी पुरावा हवा हे मार्गदर्शक सांगतील, आणि पुढचा रुमाल कोणता पाहायचा हेही त्यावरूनच ठरवता येईल.