जुनी सागवानी नाव की जुनी फायबर बोट? गोसेखुर्दच्या पाण्यासाठी कोणती घ्यावी?

पवनीकडचा
आम्ही वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यावर जाळं टाकतो. आमचा डोंगा या उन्हाळ्यात पार गेला, बुडाला बोट लावलं तर भुसा निघते. पावसाळ्याआधी भाऊ आणि मी मिळून जुनी बोट घेणार आहोत. दोन पाहून आलो.

एक सागवानी फळ्यांची नाव आहे. १६ फूट, ९ वर्षांची, वल्ह्यांवर चालते, मालक २४ हजार म्हणतो. दुसरी १८ फुटी फायबरची. ती एका तलावावर पर्यटकांना फिरवायची, गेली ३ वर्षं काठावर उन्हात पडून आहे. तिच्यासोबत ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन्हीचे मिळून ६२ हजार.

माझं मन सागवानीवर आहे. फुटली तर गावचा सुतार दुरुस्त करते. भाऊ फायबरवर अडून बसला आहे. घरात वाद मिटत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

वल्हेवाला
लाकडीच घ्या भाऊ, आणि त्याचं कारण दुरुस्तीपेक्षा मोठं आहे. वादळात नाव पाण्यानं भरली तरी सागवान तळाला जात नाही. काठोकाठ बुडते, पण तिला धरून माणूस तरंगत राहते. फायबर पाण्यापेक्षा जड. बोटीच्या दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे नसतील, किंवा कोणी त्यात कडी बसवायला भोक पाडलं असेल, तर ती भरली की सरळ खाली जाते. पर्यटकांच्या बोटीला छत नि बाकं बसवलेली असतात. ते स्क्रू कुठं मारले ते आधी पाहा.

धाकटा भाऊ
मी तोच भाऊ. दादानं अर्धीच गोष्ट सांगितली. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरते तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत चिखलातून नाव ओढावी लागते. भिजलेली लाकडी नाव चार माणसांशिवाय हलत नाही, आणि आम्ही दोघंच आहोत. फायबर दोघांनी सरकते. आता धरणाबद्दल. १९८८ मध्ये पायाभरणी झाली त्याआधी इथं वाहती वैनगंगा होती, डोंगा त्या पाण्याचा. आज अवकाळी वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर लाटा उठतात आणि काठ दूर असते. अशा वेळी वल्ही मारत बसायचं की इंजिन ओढून काठ गाठायचा? मला इंजिन पाहिजे. जीव वाचवायला पाहिजे, हौस म्हणून नाही.

कन्हानकाठ
इंजिनच्या भरवशावर एवढं राहू नका. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येते आणि त्यावर जलपर्णी पोसते. आमच्याकडं पंख्यात जलपर्णी गुंडाळली की इंजिन बंद करून, वाकून, चाकूनं कापावी लागते. भर वाऱ्यात हे काम करून पाहा. वल्ही दोन्ही बोटींत लागतातच.

निवृत्त खलाशी
मी मूळ लाखांदूरकडचा, नोकरी समुद्रावर झाली. तिकडं शिडाची जुनी बोट घेताना ती पाण्यातून वर काढून तपासल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. तुमची बोट छोटी असली तरी रीत तीच.

फायबर आधी. रुपयाचं नाणं घ्या आणि बुडावर वीतभर अंतरानं ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटले. सगळ्यांत जास्त वेळ मागच्या फळीला द्या, जिथं इंजिन टांगतात. फायबरच्या आत तिथं बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपून ते सडते, वरून मात्र रंग छान दिसते. इंजिन वर उचलून हलवा, फळी लवली तर ती बोट सोडा. बुडावर फोड दिसले तर एक फोडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी आत मुरलं आहे. उन्हानं वरचा थर पांढरा भुकटीसारखा झाला असेल तर घाबरू नका, तो घासून निघते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधी त्यानं तापवून ठेवलं असेल तर हात लावला की कळते. पाणी फेकायच्या बारीक भोकातून धार सतत यायला पाहिजे.

सागवानीसाठी सुतार सोबत न्या. चाकूचं टोक तळाच्या फळ्यांत, फासळ्या जिथं बुडाला टेकतात तिथं टोचा. खिळ्यांभोवती गंजाचे लाल डाग असतील तर खिळा आत खाल्ला गेला. सांध्यांत सुताऐवजी सिमेंट किंवा पुट्टी भरलेली दिसली तर मालक काहीतरी झाकून राहिला. उन्हात फळ्या आकसून फट पडणं हा दोष नाही. दोन-तीन दिवस पाण्यात ठेवली की लाकूड फुगून फट मिटते.

वल्हेवाला
मग भाव कशाचा चालला आहे? ६२ हजारातून इंजिनची किंमत वेगळी काढा आणि उरलेल्या पैशात बोट किती पडते ते पाहा. इंजिन खराब निघालं तर भावानं काय घेतलं?

पवनीकडचा
काल दोघंही जाऊन आलो. फायबरचं बूड टणटणीत वाजलं, हे मान्य करतो. मागची फळी बद्द वाजली, इंजिन उचललं तेव्हा बोटभर लवली. पुढच्या कप्प्यात पाणी खळखळलं. मालक म्हणे पावसाचं आहे. मग ते आत गेलं कुठून?

सागवानीच्या तीन फळ्या बदलाव्या लागतील, असं सुतार म्हणाला. फासळ्या शाबूत आहेत. मालक २१ हजारावर आला.

धाकटा भाऊ
फळी लवली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या बोटीला माझाही नकार आहे. पण सागवानी घेतली म्हणून माझा मुद्दा संपत नाही. मी दादाला सांगितलं, वाचलेल्या पैशातून आधी दोन लाइफ जॅकेट आणि मग छोटं इंजिन. जॅकेटला तो तयार आहे. इंजिनला नाही. नावेच्या मागच्या फळीला ८ हॉर्सपॉवर पेलते का, हे ज्यांनी स्वतः लावून पाहिलं त्यांनी सांगा.

कन्हानकाठ
पेलते, पण आतून दोन्ही बाजूंना तिरपे सागवानी ठोकळे द्या आणि नुसत्या खिळ्यांऐवजी आरपार बोल्ट टाका. मी तसं केलं. जलपर्णीचा त्रास राहील, चाकू दोरीनं बांधून ठेवा.