विषय: परदेशातली मॅरेथॉन: सोलापूरहून जाणाऱ्यांनी कुठली धरावी?

प्रेषक: जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी,

इथल्या आमच्या पळणाऱ्या मंडळींपैकी चौघांना बाहेरची एक मॅरेथॉन करायची आहे. चौघंही चार ते साडेचार तासवाले, मुंबई करून झालेले. सध्या सगळ्यांच्या तोंडी बर्लिन, आणि कारण एकच: सपाट आहे. मला ही निवड उलटी वाटते. सोलापुरातून जाणाऱ्यानं आधी आपला उन्हाळा बघावा, मग त्यांचा रस्ता.

हिशेब असा. तयारी १६ ते १८ आठवड्यांची. २८ ते ३२ किलोमीटरचे लाँग रन शेवटचे तीन आठवडे सोडून त्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत येतात. लंडन आणि बोस्टन एप्रिलमध्ये, म्हणजे हे लाँग रन फेब्रुवारी-मार्चात. मार्चात इथं आठ वाजता विजापूर रोडवर ऊन चटके देतं. ३० संपवायचे तर पहाटे साडेचारला बाहेर. बर्लिन सप्टेंबरच्या शेवटी: तयारीचा पहिला महिना ४० अंशांच्या आसपासचा, पण तेव्हा अंतरं लहान असतात, आणि लाँग रन जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत जातात. चालण्यासारखं आहे. न्यूयॉर्क नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, त्याचे शेवटचे मोठे रन ऑक्टोबर हीटमध्ये अडकतात. टोकियो मार्चच्या पहिल्या रविवारी. त्याचे डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे सोलापूरला पळण्यासारखे जे काय दिवस आहेत ते सगळे.

तर माझं मत टोकियो. तुम्ही बाहेर राहणारे त्या त्या देशांतलेच आहात, खोडून काढा की ओ.

प्रेषक: बर्लिन

दादा, खोडत नाही, पण व्हिसाचं वेळापत्रक हिशेबात धरा. बर्लिनची लॉटरी (प्रवेशाची सोडत) आधीच्या वर्षीच लागते, त्यामुळे हातात भरपूर महिने राहतात. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रत्यक्षात सप्टेंबरच्या प्रवासासाठी मे-जूनमध्येच अपॉइंटमेंट धरावी. जुलै-ऑगस्टात सुट्टीवाल्यांची गर्दी असते आणि तारखाच मिळत नाहीत. फी मोठ्यांना ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना एक ओळ नीट वाचा: काही पॉलिसींत ‘आयोजित स्पर्धेत भाग’ वगळलेला असतो. शर्यतीत पाय मोडला आणि विमा नाही, असं व्हायला नको. अर्जाला स्पर्धेच्या प्रवेशाचं पत्र जोडा आणि दिवसवार कार्यक्रम द्या.

आता आपल्याकडचा खास घोळ म्हणजे नाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. स्पर्धेच्या अर्जात मात्र लोक घरचं आटोपशीर नाव टाकतात. बिब (छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर) घ्यायला मूळ ओळखपत्र घेऊन स्वतःच जावं लागतं, दुसऱ्याला पाठवता येत नाही. स्पर्धा, तिकीट आणि विमा, तिन्हीकडे पासपोर्टवरचं नाव अक्षरशः तसंच हवं.

बिब टेम्पेलहोफच्या जुन्या विमानतळावर मिळतो. तिथे हाताला पट्टी बांधतात, ती शर्यत संपेपर्यंत काढायची नाही. तिच्याशिवाय स्टार्टच्या आवारात सोडत नाहीत. हँगर प्रचंड आहे, दोन-तीन तास पाय मोडतात, म्हणून शुक्रवारी उरकून घ्या. शनिवारी नको.

रस्त्यावर निळी रेघ असते. मोजलेलं ४२.१९५ किलोमीटर त्या सगळ्यात आखूड वाटेचं. गर्दीतून वाकडं-तिकडं पळत घड्याळात ४२.७ सहज भरतात. चार तासांचा पेस कागदावर किलोमीटरला ५:४१ मिनिटं. पण घड्याळ ४२.७ दाखवणार असेल तर त्यावर ५:३७ ठेवावा लागतो. हे चार सेकंद न धरणारे ४०व्या किलोमीटरला ‘घड्याळ तर बरोबर दाखवत होतं’ म्हणत बसतात. पाण्याच्या टेबलापुढे रस्ताभर कप पडलेले असतात आणि ते ओले झाले की घसरतात. पहिलं टेबल सोडून पुढच्याकडे जा, कप उचलताना नजर पायाशी.

प्रेषक: न्यू जर्सी

आमच्याकडचं सांगतो. बर्लिनच्या ताईंनी पळण्याचं सांगितलं. न्यूयॉर्कला खरा कस पळायच्या आधी लागतो. स्टार्ट स्टेटन आयलंडवर, व्हेराझानो पुलाच्या तोंडाशी. तिथं फेरी बोटीनं जायचं की बसनं, हे आधीच निवडावं लागतं. पहाटे निघून तिथे पोहोचलात तरी तुमची वेव्ह (एकत्र सोडला जाणारा गट) दहा-साडेदहाला सुटू शकते. म्हणजे उघड्यावर, वाऱ्यात, दवानं ओल्या गवतावर तीन-चार तास. शिवाय त्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं. मोबाइल आपोआप बदलतो, हॉटेलातलं भिंतीवरचं बदलत नाही.

सोलापूरहून येणारे एक हमखास विचारतात: चादर आणू का? पांघरून बसायला सोलापुरी चादरीसारखं काही नाही, पण इथं ती नको. सुती आहे, जड आहे. पाऊस पडला की पाणी शोषते आणि अंगावर ओलं ओझं होतं. त्याऐवजी जुना स्वेटशर्ट आणि जुनी ट्रॅक पँट, जी तिथंच सोडून देता येईल (ते कपडे गोळा करून दान करतात). वर कचऱ्याची मोठी प्लॅस्टिक पिशवी, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून. वारा अडवायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. सोलापूरचं काही आणायचंच असेल तर टर्किश टॉवेल आणा, लहान. गवतावर घालून बसायला आणि गळ्याभोवती गुंडाळायला. हातमोजे स्वस्तातले, पहिल्या पाच किलोमीटरनंतर टाकायचे. पळताना कपडे मात्र थर्मामीटर जे दाखवतो त्याहून आठ-दहा अंश जास्त धरून घालायचे. ८ अंशांत जॅकेट घालून सुटलेला माणूस दहाव्या किलोमीटरला घामानं निथळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही जास्त गंभीर. सोलापूरच्या उन्हात पळणाऱ्याला दर टेबलावर दोन कप प्यायची सवय असते. थंडीत घाम निम्म्यावर येतो, पण सवय तीच राहते. गरजेपेक्षा जास्त पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम उतरतं: डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, टोकाला फिट. २००२च्या बोस्टनला तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं होतं, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता. म्हणून घरीच माप काढा. उघड्या अंगानं वजन करा, तासभर शर्यतीच्या पेसनं पळा, अंग पुसून पुन्हा वजन. वजन ६०० ग्रॅम उतरलं आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर घाम ९०० मिली. हे माप जानेवारीच्या पहाटे एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा काढा; परदेशात जानेवारीच्या आकड्याहूनही कमी धरा. तहान लागली तर प्यायचं, टेबल दिसलं म्हणून नाही.

आणि अमेरिकेचा व्हिसा नसेल तर लॉटरीच्या आधी मुलाखतीची तारीख बघा. लॉटरी लागल्यावर सुरुवात केली तर शर्यत निघून जाऊ शकते, आणि व्हिसा मिळाला नाही म्हणून प्रवेश फी परत मिळेल असं धरू नका.

प्रेषक: योकोहामा

सोलापूरच्या दादांशी सहमत, आणि त्यांनी न मांडलेलं एक कारण जोडते: शरीराचं घड्याळ. टोकियोचा स्टार्ट ९:१०ला. जपान भारतापुढे साडेतीन तास, म्हणजे सोलापूरचे पहाटेचे ५:४०. रोज ज्या वेळी हिप्परगा तलावाकडे पळत असता, तीच वेळ. पोट साफ होण्याची वेळसुद्धा तिथेच येते, आणि पळणाऱ्याला हे किती महत्त्वाचं ते सांगायला नको. बर्लिनचा सव्वानऊचा स्टार्ट म्हणजे सोलापूरचे दुपारचे पाऊण. शिकागो साडेसातला, म्हणजे संध्याकाळचे सहा. न्यूयॉर्कची साडेदहाची वेव्ह म्हणजे रात्रीचे नऊ, जेवून अंग टाकायची वेळ. पश्चिमेला गेल्यावर पहाटे आपोआप जाग येते हा फायदा, पण शर्यतीच्या मधल्या तासांत झोप डोळ्यांवर येते. अमेरिकेसाठी किमान चार-पाच दिवस आधी पोहोचा. टोकियोला तीन पुरतात.

टोकियोचा खरा काटा म्हणजे कट-ऑफ, म्हणजे ठरल्या वेळेत न पोहोचणाऱ्याला थांबवतात ती मर्यादा. एकूण सात तास ऐकायला भरपूर, पण वाटेत बरेच गेट आहेत आणि वेळ तुमच्या चिपवरून (म्हणजे तुम्ही रेघ ओलांडल्यापासून) नाही, स्टार्टच्या बंदुकीपासून मोजतात. मागच्या गटात उभे राहिलात तर स्टार्टची रेघ ओलांडायलाच वीसेक मिनिटं जातात. चार-साडेचार तासवाल्यांना धोका नाही. पण संडासाच्या रांगेत पंधरा मिनिटं घालवण्याआधी पुढचं गेट किती वाजता बंद होतं ते माहीत हवं. वेळा बिबच्या मागे नाही तर हातावर लिहा. भरलेली पाण्याची बाटली सुरक्षा तपासणीत आत नेऊ देत नाहीत, सीलबंद जेल (पळताना घ्यायची कर्बोदकांची पाकिटं) चालतात.

लॉटरीचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये. लागण्याची खात्री अजिबात नाही, म्हणून एकट्या टोकियोवर बसू नका.

प्रेषक: सोलापूर, साखर पेठ

खाण्याचं मी लिहिते, कारण चौघांचेही डबे शेवटी आमच्याच हातचे.

शेवटच्या दोन दिवसांत वजनाच्या दर किलोला १० ग्रॅम कर्बोदकं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६०० ग्रॅम. ज्वारीच्या भाकरीवर एवढं भागवायला गेलात तर कोंडा पोटात जाऊन शर्यतीत पोट बिघडेल. दोन दिवस भाकरी बंद. १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं. चारशे ग्रॅम तांदूळ दिवसभरात, सोबत पोहे, केळी, गूळ, साखर घालून ताक. उरलेलं फळांच्या रसातून काढा. शेंगाची चटणी चिमूटभर, तेलामुळे पोट जड होतं आणि भात कमी जातो.

कडक भाकरी न्यायची तर न्या, पण ती शर्यत झाल्यावर. आठवडाभर काही होत नाही तिला. शेंगापोळी विमानतळावरच्या थांब्यांसाठी उत्तम, पण तेलातच करा. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यात तूप-खवा-पेढे सगळं येतं. अमेरिकेत खाण्याचं काही असेल तर ‘आहे’ म्हणून सांगून टाका. सांगितलेलं बघून चालणारं परत देतात, न चालणारं काढून घेतात; लपवलेल्याचा मात्र दंड होऊ शकतो.

इथला राइस कुकर जर्मनीत चालतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३०. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १००. तिथं आपला कुकर लावला तर अमेरिकेत ताकद पाव होते, जपानमध्ये पाचवा हिस्सा. भात शिजत नाही, भिजतो. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तिथं हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या किंवा दुकानातला शिजवलेला भात.

बूट, शर्यतीचे कपडे आणि जेल हातातल्या बॅगेत. बाकीची बॅग हरवली तरी पळता येतं. जेल द्रव धरतात, एक लिटरच्या पिशवीत बसतील तेवढेच, उरलेले चेक-इनमध्ये. ओआरएसच्या पुड्या आपल्याच न्या. लिटरमागे २०.५ ग्रॅमची पुडी, तीही पूर्ण लिटरातच. अर्ध्या लिटरात घोळून प्यायली की पोटात गोळा येतो. जेलचा सराव इथल्या लाँग रनमध्ये झालाच पाहिजे, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. परदेशी टेबलावर नवीन चवीचं पहिल्यांदा तोंडात टाकू नका.

प्रेषक: जुळे सोलापूर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: ऑगस्टमध्ये चौघंही टोकियोचा अर्ज भरतील, न लागल्यास बर्लिनची लॉटरी. न्यूयॉर्क यंदा नाही. तिथल्या पुलांसाठी चढ-उताराचा सराव लागतो, आणि सोलापुरात उड्डाणपुलांपलीकडे चढ नाही. त्यासाठी दर पंधरा दिवसांनी तुळजापूरचा घाट गाठावा लागेल.

बर्लिनच्या ताईंनी सांगितलेल्या नावाच्या घोळावरून पासपोर्ट काढून बघितले. एकाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा, सगळं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये. स्पर्धेचा फॉर्म आडनाव भरल्याशिवाय पुढे जात नाही. ऑगस्टच्या आत पासपोर्ट री-इश्यूला टाकतोय, कारण व्हिसा लागल्यावर पासपोर्ट बदलला तर व्हिसा जुन्यावर आणि बिब नव्या नावावर. योकोहामाकर ताई, अर्जात जुना पासपोर्ट नंबर देऊन नंतर बदलता येतो का, तेवढं बघून कळवाल?