राजपुत्राच्या लग्नातला खरा अडसर
राजपुत्रांच्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या म्हणजे 'चुंबनाच्या जागी प्रार्थना, बाकी सिंड्रेलाच', असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. रेचल हॉकच्या 'वन्स अपॉन अ प्रिन्स'मध्ये (२०१३) अडसर सावत्र आईचा नाही, कायद्याचा आहे. ब्रायटन या काल्पनिक राज्याच्या वारसाला परदेशी मुलीशी लग्न करता येत नाही आणि नायिका पडली अमेरिकेतल्या जॉर्जियाची. ओढूनताणून वाटतं, पण ब्रिटनमध्ये १७०१च्या कायद्यामुळे कॅथलिक जोडीदार केला की गादीवरचा हक्कच जायचा. राणी एलिझाबेथ दुसरी यांचे चुलतभाऊ प्रिन्स मायकल ऑफ केंट यांचा असाच १९७८ साली गेला, २०१५मध्ये परत मिळाला. राजा स्वतः मात्र आजही कॅथलिक चालत नाही! श्रद्धा आणि गादी यांचा इतका तयार पेच या कादंबऱ्या टाळतात, ही माझी खरी तक्रार. पंथांचं भांडण नको असेल बहुधा. वाचक सगळ्याच चर्चमधले.